भाचा म्हणतो रोइंगचा कोच होणार, तोही बायोमेकॅनिक्सवाला. म्हणजे नेमकं काय?

इंदूरमध्ये "कोच" म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक रेल्वेचा डबा आणि दुसरं भंवरकुआं, म्हणजे पीएससी, बँक, नीट, जेईई आणि चौकातले मोठमोठे होर्डिंग. त्यामुळे एका रविवारी ताईकडे पोहे-जलेबी चालू असताना भाच्याने जाहीर केलं की आता रेस करणं बस झालं, मला रोइंगचा कोच व्हायचंय आणि त्यासाठी स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स शिकायचंय, तेव्हा मिनिटभर कुणी बोललंच नाही. मग आजीने विचारलं, "म्हणजे नावाडी?" भाऊजींनी विचारलं, "पॅकेज काय असतं यात?" आणि ताई उठून चहा टाकायला गेली, म्हणजे ती रागावलीय हे सगळ्यांना कळलं.

भाचा पाच वर्षं भोपाळला बड्या तालाबात वल्हवलाय, स्टेटला मेडल आहेत, पण इंडियाच्या टीममध्ये जाईल असा टाइम काही आला नाही. ते त्याला आमच्या आधी कळलं होतं. त्यात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी रोइंगमध्ये मोठे बदल झालेत, त्यावर तो अर्धा तास बोलला आणि आम्हाला ओ की ठो कळलं नाही. मग मी दोन-तीन आठवडे त्याच्यामागे लागून, त्याने पाठवलेलं वाचून, व्हिडिओ बघून जे समजून घेतलं ते इथे लिहितोय. मी कॉमर्सवाला माणूस आहे, तेव्हा मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल.

आधी हे बायोमेकॅनिक्स म्हणजे काय

शरीर हलतं तेव्हा कुठला सांधा किती वळतो, जोर कुठून निघतो आणि कुठे वाया जातो, हे मोजायचं शास्त्र म्हणजे बायोमेकॅनिक्स. व्याख्या एवढीच, आता परत देणार नाही.

आणि तुम्हाला हे आधीच माहीत आहे, फक्त क्रिकेटमधून. एखाद्या बॉलरची अ‍ॅक्शन संशयास्पद ठरली की त्याला लॅबमध्ये पाठवतात, अंगाला चमकणारे मार्कर चिकटवतात, चहूबाजूंनी कॅमेरे लावतात आणि बघतात की बॉल टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होतोय का. अंपायर नुसत्या डोळ्याने ते ठामपणे सांगू शकत नाही, आणि मुरलीधरनच्या वेळी अख्खं जग त्यावर भांडलं होतं हे आठवत असेलच. ती मोजणारी माणसं म्हणजे बायोमेकॅनिक्सवाली. तिथे ती बॉलर पकडायला बसलेली असतात, रोइंगमध्ये तीच विद्या बोट पळवायला वापरतात.

उलटं तोंड करून बसणारे लोक

रोइंगमध्ये खेळाडू ज्या दिशेला जायचंय तिकडे पाठ करून बसतो. पाय समोरच्या फळीला बांधलेले बूट असतात त्यात, आणि खालची सीट चाकांवर पुढे-मागे सरकते. दोन वल्ही असली तर स्कलिंग, एकच असलं तर स्वीप.

एका स्ट्रोकचे चार भाग. वल्ह्याचं पातं पाण्यात टाकणं म्हणजे कॅच. मग पाय झाडून ओढणं, ड्राइव्ह. पातं बाहेर काढणं, फिनिश. आणि गुडघे दुमडत सीटवरून परत पुढे सरकणं, रिकव्हरी. रेसमध्ये हे मिनिटाला पस्तीस-चाळीस वेळा करायचं असतं, २००० मीटरमध्ये सव्वादोनशे-अडीचशे वेळा.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे हा हातांचा खेळ आहे. मलाही तेच वाटायचं. पण चांगल्या रोअरचा जवळजवळ अर्धा जोर पायातून येतो, साधारण तिसरा हिस्सा पाठ-कमरेतून आणि हातांच्या वाट्याला उरलेलं. छावनीच्या धान्य मंडीत कधी उभं राहून हमाल बघा. गव्हाचं पोतं उचलताना जुना हमाल आधी खाली बसतो, पोतं अंगाला चिकटवतो, मग गुडघे उघडतो, मग पाठ सरळ करतो आणि हात फक्त आकड्यासारखे धरून ठेवतो. नवखा पोरगा उभ्यानेच वाकून हाताने ओढायला जातो आणि दुपारपर्यंत कंबर धरून बसतो. रोइंगचा ड्राइव्ह म्हणजे तेच पोतं, फक्त आडवं, आणि सात मिनिटांत अडीचशे वेळा.

बोट सगळ्यात जोरात केव्हा पळते?

हा प्रश्न भाच्याने पोह्यांच्या वेळीच टाकला होता आणि आम्ही सगळ्यांनी चुकीचं उत्तर दिलं. आम्ही म्हटलं, जोर लावून ओढतो तेव्हा. बरोबर उत्तर, रिकव्हरीमध्ये! म्हणजे वल्ही हवेत असतात आणि कुणी पाण्याला हातही लावत नाही तेव्हा.

हे पचायला मला दोन दिवस लागले. गोदामात चार चाकांची सपाट ट्रॉली असते ना, तिच्यावर उभं राहा आणि एक पाऊल पुढे टाका, ट्रॉली मागे सरकेल. आता बोटीचं गणित बघा. एकट्याची रेसिंग बोट नियमाप्रमाणे कमीत कमी १४ किलोची असते आणि आत बसलेला माणूस ८०-९० किलोचा. म्हणजे ट्रॉली हलकी आणि माणूस तिच्या सहापट. रिकव्हरीत तो माणूस बोटीच्या शेपटीकडे सरकतो, म्हणून बोट त्याच्या खालून पुढे सुसाट निघते. आणि कॅचच्या वेळी त्याचं सरकणारं वजन थांबवायला तो पायाने फळी दाबतो, तेव्हा बोटीला ब्रेक लागतो, स्ट्रोकमधला सगळ्यात कमी स्पीड तिथेच असतो.

म्हणजे बोट एकसारखी जातच नाही, हिसके खात जाते. वरून आपल्याला गुळगुळीत दिसते ते सोडा. आणि हे हिसके महाग पडतात. पलासियावरून राजवाड्यापर्यंत भर संध्याकाळी गाडी न्या आणि तेवढंच अंतर सुपर कॉरिडॉरवर एका स्पीडने न्या, पेट्रोल कुठे जास्त जळेल? बोटीचंही तसंच, फक्त पेट्रोलच्या जागी माणसाचा दम.

त्यामुळे जो पोरगा रिकव्हरीत घाईघाईने पुढे येऊन धाडकन फळीवर आदळतो तो स्वतःच्याच बोटीला ब्रेक मारतोय, आणि वर त्याला वाटतं की आपण जाम मेहनत करतोय. मेहनत करतोच आहे तो. पण कुणाच्या विरुद्ध?

"अरे पण ताकद असली की झालं ना, त्यात शास्त्र काय घालायचं?"

हा भाऊजींचा मुद्दा, आणि वाटतो तितका चुकीचा नाही, ताकद लागतेच. पण पाणी फार कंजूस आहे. बोटीचा स्पीड वाढला की पाण्याचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर घनाने. शाळेतलं वर्ग-घन आठवा. स्पीड दुप्पट करायचा तर पॉवर दुप्पट करून भागत नाही, आठपट लागते. नुसता दहा टक्के वाढवायचा तरी पॉवर तेहतीस टक्के जास्त.

जिममधल्या रोइंग मशीनवर (रोइंगवाले तिला अर्गो म्हणतात) हे स्पष्ट दिसतं. तिथे ५०० मीटरला किती वेळ लागतो हे स्क्रीनवर येतं. २ मिनिटांच्या स्पीडला साधारण २०३ वॉट लागतात. १५ सेकंद कमी करून १:४५ केलं तर ३०२, म्हणजे शंभर वॉट जास्त. अजून तेवढेच १५ सेकंद कमी करून १:३० करायचं तर ४८०. पहिल्या १५ सेकंदांची किंमत शंभर वॉट, पुढच्या १५ची जवळजवळ एकशेऐंशी.

भाच्याने मला बसवलं. पाच मिनिटांत माझा आकडा २:४०वर स्थिरावला (म्हणजे मी तिथे कोसळलो), हिशेब केला तर ८५ वॉट. आमच्या दिवाणखान्यातला पंखा ७५ वॉटचा आहे. म्हणजे जीव तोडून मी एक पंखा आणि एक बल्ब चालवू शकतो. भाचा मात्र १:४०ने साडेसहा-सात मिनिटं ओढतो, ३५० वॉट, जवळजवळ टाकीत पाणी चढवणारी अर्धा एचपीची मोटर. आणि तरी तो इंडिया लेव्हलला कमी पडतो, यावरून वरचे लोक काय असतील ते समजा.

तर मुद्दा असा की त्या उंचीवर गेल्यावर अजून ताकद आणणं हे फार महाग काम आहे, वर्षं जातात. त्यापेक्षा असलेल्या ताकदीतली जी गळती आहे ती बुजवणं स्वस्त पडतं. नळाला प्रेशर नसेल तर आपण आधी पाइप कुठे लीक आहे ते बघतो ना, लगेच बोअरिंग करायला घेत नाही. (इंदूरमध्ये काही लोक घेतात, ते सोडा.)

आता जरा ज्यांनी यात करिअर केलं त्यांच्याबद्दल

भाऊजींना खरं तर हेच पाहिजे होतं, कुणी केलंय का असं करिअर? केलंय. दोन माणसांची गोष्ट सांगतो.

पहिला व्हॅलेरी क्लेशनेव्ह. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत युनियनच्या चौघांच्या स्कलिंग बोटीत तो होता, सिल्व्हर मिळालं. म्हणजे खेळाडू म्हणून आधीच मोठा. नंतर त्याने याच विषयात डॉक्टरेट केली, पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये रोइंगचा बायोमेकॅनिक्सवाला म्हणून काम केलं. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे २००१पासून तो दर महिन्याला एक छोटं पत्रक काढत आला, त्यात एखादा आकडा, एखादा ग्राफ, एखाद्या कोचने विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर. वल्हं जिथे अडकवतात त्या कड्यात सेन्सर बसवून जोर किती आणि कोन किती हे मोजायची सिस्टिमही त्याने बनवली. आज वरच्या स्कलरचं वल्हं एका स्ट्रोकमध्ये साधारण ११० अंश फिरतं असं आपण सहज म्हणतो, त्यामागे अशा लोकांनी ओल्या बोटीत वायरी जोडून केलेली मोजमापं आहेत.

दुसरा फोल्कर नोल्टे, मूळ जर्मन. याची गोष्ट म्हणजे सिनेमाच. वर सांगितलं ना, की बोट हिसके खाते कारण ८०-९० किलोचा माणूस तिच्यात पुढे-मागे सरकतो. तर नोल्टेचं डोकं असं चाललं की माणसाला सरकवताच कशाला? माणूस एका जागी बसू दे, सीट फिक्स करा, आणि पायाची फळी व वल्ही अडकवायचे ते लोखंडी हात (त्यांना रिगर म्हणतात) हेच चाकांवर सरकवा. माणूस ८५ किलोचा, रिगर जेमतेम काही किलोचा. सरकणारं वजनच कमी, म्हणून हिसकेही कमी.

जर्मनीच्या पीटर-मिखाएल कोल्बेने १९८१ला अशी बोट घेऊन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. १९८२च्या फायनलमध्ये सहापैकी पाच जण तशाच बोटीत. १९८३ला सहाच्या सहा! आणि त्याच वर्षी जागतिक संघटनेने सरकत्या रिगरवर बंदी घातली, ती आजपर्यंत आहे. मला विचाराल तर एखाद्या शास्त्रज्ञाला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही, की तुमचं म्हणणं इतकं खरं निघालं की खेळच बदलायला लागला म्हणून ते बंद करावं लागलं.

आणि त्या बंदीनंतर नोल्टे घरी बसला नाही. कॅनडात गेला, युनिव्हर्सिटीत बायोमेकॅनिक्स शिकवलं आणि सोबत कॅनडाच्या लाइटवेट (म्हणजे ठरावीक वजनाच्या आतल्या) पुरुषांच्या टीमला कोच केलं, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांच्या चौघांना सिल्व्हर मिळालं. म्हणजे सकाळी तलावावर, दुपारी वर्गात. भाच्याला जे व्हायचंय ते हेच.

"सगळं सेन्सरच सांगणार असेल तर कोच कशाला?"

हा माझा प्रश्न होता. उत्तर म्हणून भाच्याने स्वतःच्या पाठीची गोष्ट सांगितली, जी त्याने घरात आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती, ताईला तर नाहीच.

तिसऱ्या वर्षी त्याची कंबर दुखायला लागली. रोइंगमध्ये सगळ्यात जास्त दुखापत कंबरेलाच होते, त्याखालोखाल बरगड्याही तडकतात. एका कॅम्पमध्ये तिथल्या सरांना सांगितलं तर उत्तर आलं, "दर्द तो होगा ही बेटा, खेल है." आठ महिने याने गोळ्या खाऊन काढले. मी त्या सरांना वाईट म्हणत नाही, त्यांनाही त्यांच्या सरांनी हेच सांगितलं असणार, पण आठ महिने म्हणजे आठ महिने हो.

मग त्या कॅम्पला तीन दिवसांसाठी एक बायोमेकॅनिक्सवाल्या मॅडम आल्या. त्यांनी याच्या घोट्याला, गुडघ्याला, खुब्याला आणि खांद्याला पांढऱ्या टेपचे तुकडे चिकटवले, अर्गोच्या अगदी बाजूला स्टूल ठेवलं, स्टुलावर दोन विटा आणि त्यावर मोबाइल, स्लो मोशनमध्ये. वीस स्ट्रोक. मग फ्रेम-फ्रेम थांबवत दाखवलं की गुडघे अजून दुमडलेलेच आहेत आणि खांद्याची टेप आधीच मागे निघालीय. म्हणजे पाय उघडायच्या आधी पाठ ओढत होती. मंडीतला नवखा हमाल! आणि कारणही पाठीत नव्हतंच. पायाची फळी त्याच्यासाठी फार वर बांधलेली, मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या, त्यामुळे खुब्यातून पुढे वाकताच येत नव्हतं आणि ती कसर तो कंबर गोल करून भरून काढत होता.

त्यांच्या लॅपटॉपवर पंधरा-वीस ग्राफ होते म्हणे. त्यातलं त्यांनी याला काही सांगितलं नाही. खिशातून दहाचा पाना काढला, फळी दोन सेंटीमीटर खाली घेतली आणि एकच वाक्य बोलल्या, "वल्हं विसर, फळी ढकल."

भाचा म्हणतो, मामा, ते वाक्य मला अजून ऐकू येतं. कारण ड्राइव्ह एका सेकंदापेक्षाही कमी वेळात संपतो, त्यात माणसाला पाच सूचना आठवूच शकत नाहीत. डोक्यात एक गोष्ट राहते, फार तर. ती कुठली हे ठरवणं, वीस ग्राफ बघून एकोणीस गिळून टाकणं, हे काम सेन्सर करत नाही. आणि तेच वाक्य शेजारच्या पोराला सांगितलं असतं तर कदाचित तो बिघडला असता, कारण त्याची चूक वेगळी.

अजून एक गंमत त्याने सांगितली. दोघांच्या स्वीप बोटीत एकाचं वल्हं डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे असतं. आपल्याला वाटतं दोघांनी अगदी सारखा जोर लावला की बोट सरळ जाईल. नाही जात! दोघं मागे-पुढे बसलेले असल्याने दोन्ही वल्ही बोटीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात, म्हणून सारखा जोर लावूनही बोट थोडी शेपूट हलवत जाते. तेव्हा जुळे भाऊ शोधून उपयोग नाही, एकमेकांना पुरे पडणारे दोघं शोधावे लागतात. जरा लग्न जमवल्यासारखंच आहे, असं आजी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

मोठा खेळाडू असल्याशिवाय कोच होता येतं का?

ताईचा प्रश्न, आणि त्यात खरी काळजी होती, की हा इंडिया खेळलाच नाही तर याचं कोण ऐकणार. उत्तर एका जर्मन माणसात आहे, कार्ल अ‍ॅडम. रात्सेबुर्ग नावाच्या छोट्या गावातला शाळामास्तर, आणि स्वतः रोअर नव्हता, बॉक्सर होता. त्याच्या कोचिंगमध्ये जर्मनीच्या आठ जणांच्या बोटीने १९६० रोम आणि १९६८ मेक्सिको, दोन्हीकडे गोल्ड मारलं. बाहेरून आल्यामुळे "हे असंच करायचं असतं" हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून वल्ह्याच्या पात्याचा आकार, ट्रेनिंगची पद्धत, सगळ्यालाच त्याने हात घातला. रोइंगमध्ये अजूनही एका स्टाइलला त्याचं नाव आहे. क्लेशनेव्ह मेडलवाला, अ‍ॅडम बिनमेडलचा, दोघंही चालले.

मग लॉस एंजेलिसचं काय?

इथे विषय आपल्या अंगणात येतो. बदल तीन आहेत. एक, रेस २००० ऐवजी १५०० मीटरची होणार कारण लॉस एंजेलिसजवळच्या लाँग बीचला जिथे रेस होणार तिथे तेवढीच जागा आहे. (अंतर बदलणं हे काही आभाळ कोसळणं नाही, १९७६ ते १९८४ ऑलिंपिकमध्ये बायकांच्या रेस १००० मीटरच्याच होत्या.) दोन, बीच स्प्रिंट नावाचा प्रकार पहिल्यांदा येतोय, त्यात वाळूतून पळत यायचं, बोटीत उडी मारायची, समुद्रात खुणांमधून नागमोडी २५० मीटर जायचं, वळायचं, परत यायचं आणि उतरून पुन्हा पळायचं. तीन, लाइटवेट गट गेला. १९९६ला आला होता, पॅरिस २०२४ला शेवटचा झाला.

तिसरा बदल आपल्याला सगळ्यात जास्त लागतो. लाइटवेटमध्ये पुरुषांना ७२.५ किलोची मर्यादा होती, म्हणजे आपल्या पोरांच्या अंगकाठीला सोयीचा गट. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग याच गटात ११वे आले होते आणि हांगझोऊच्या आशियाई खेळात त्यांनीच सिल्व्हर आणलं. ऑलिंपिकमध्ये आता त्यांना सरळ साडेसहा फुटी लोकांसमोर बसावं लागणार, लांब हात, लांब पाय, म्हणजे एका स्ट्रोकमध्ये जास्त अंतर.

म्हणून काही होणारच नाही का? बजरंगलाल ताखरने २०१०ला ग्वांगझोऊला आशियाई खेळात रोइंगचं आपलं पहिलं गोल्ड आणलं ते एकट्याच्या बोटीतलं, वजनाची मर्यादा नसलेल्या गटात. आपल्या दत्तू भोकनळचं घ्या, चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला पोरगा फौजेत गेल्यावर पुण्यात वल्हं हातात घेतो आणि रिओला ऑलिंपिकमध्ये १३वा येतो, पुढे २०१८ला चौघांच्या बोटीत आशियाई गोल्ड. ही पोरं पाण्यात उशिरा उतरतात, विशी ओलांडून. दहा वर्षं नुसतं वल्हवून शरीराला आपोआप जे कळतं ते यांना दोन-तीन वर्षांत शिकवायचं असतं. मोजणाऱ्याची सगळ्यात जास्त गरज तिथेच आहे, जिथे वेळ नाही. आणि बीच स्प्रिंटमध्ये तर सगळेच नवे, धावता धावता बोटीत कसं बसायचं याचं जुनं शास्त्र कुणाकडेच नाही.

घरातला खरा प्रश्न

शिकायचं कुठे? यासाठी लांब जायची गरज नाही, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे, १९५७ची, तिथे स्पोर्ट्स बायोमेकॅनिक्स शिकवतात. कोचिंगचा डिप्लोमा पटियालाच्या एनआयएसचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स). पण फिजिक्स-गणिताची भीती नको आणि थोडं कोडिंग यायला हवं, कारण सेन्सरमधून जे बाहेर पडतं ते निव्वळ आकड्यांचं भूस असतं. भाऊजींना मी खरं तेच सांगितलं, यात आयटीसारखी लाइन लागलेली नाही, जागा मोजक्या, बऱ्याचशा सरकारी संस्था, स्टेटच्या अ‍ॅकॅडम्या आणि फौज. पण हेच काम क्रिकेटला, अ‍ॅथलेटिक्सला, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालायला शिकवणाऱ्या सेंटरलाही लागतं. भाऊजी "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे अर्धा होकार असतो, तर भिया, ग्वाल्हेरचा फॉर्म भरून झालाय.

फॉर्म भरला त्या संध्याकाळी भाचा मला परत जिममध्ये घेऊन गेला. मी अर्गोवर, तो बाजूला जमिनीवर बसून मोबाइलने शूट करत. तीन मिनिटांनी मला थांबवलं. मला वाटलं आता हा पाठ, गुडघे, पोट, सगळ्यावर लेक्चर देणार. स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला, दोन-तीनदा मागे-पुढे केलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मग म्हणाला, "मामा, परत येताना घाई नको करू."

बाकी काही नाही. मी परत बसलो, ओढणं तेच, फक्त पुढे सरकताना जरा निवांत. २:३४ आला. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर काढलं, ८५चे ९६ वॉट झाले होते.